वाचकांचे प्रश्न : आपल्याच वेबमेलमधून स्पॅम सुटतो तेव्हा

बाहेरून येणारा स्पॅम कसा अडवायचा, हे या सदरात लोक नेहमीच विचारतात. गेल्या दोन महिन्यांत मात्र वेगळी पत्रं आली. लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून स्पॅम गेला होता, त्यांच्याच माणसाच्या नावानं, त्यांच्याच वेबमेलमधून, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मेलमधून. मी बावीस वर्षं मेल-सर्व्हर सांभाळते आहे आणि या प्रसंगातून मीही गेले आहे, म्हणून हा अंक सगळा याच विषयाला दिला आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेत साधारण सहाशे खाती आहेत. पोस्टफिक्स (मेल पाठवणारा प्रोग्राम), डवकॉट (मेलपेट्या आणि लॉगिन सांभाळणारा) आणि राउंडक्यूब (वेबमेल) एकाच मशीनवर चालतात. एका शनिवारी रात्री एका खात्यातून हजारो मेल सुटायला लागले. मी लगेच पासवर्ड बदलला, तरी रविवारी दुपारपर्यंत मेल जातच होते. असं का? शिवाय लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींमध्ये) पाठवणारा म्हणून फक्त १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता, दिसतो. मग खातं नक्की कोणतं, हे कशावरून ओळखायचं?

उत्तर : पासवर्ड बदलून तुम्ही दार लावलंत, पण तोवर हजारो मेल तुमच्या सर्व्हरनं स्वीकारून रांगेत लावले होते. रांगेतल्या मेलला पासवर्ड कुणी विचारत नाही. समोरचा सर्व्हर ‘आत्ता नको, नंतर ये’ म्हणाला की पोस्टफिक्स तो मेल ठेवून घेतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. मूळ सेटिंगला हात लावला नसेल तर पाच दिवस. एका पत्त्यावरून अचानक लोंढा आला की मोठे सर्व्हर नेमकं हेच उत्तर देतात. म्हणजे तुमचा सर्व्हर रविवारभर इमानेइतबारे चोराचं काम पुरं करत होता.

माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा मीही एवढंच केलं होतं. रात्री साडेअकराला पासवर्ड बदलला, त्या खात्याचं नवं लॉगिन होत नाही हे पाहिलं आणि झोपले. सकाळी सहाला रांगेत एकोणीस हजार मेल होते आणि आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला होता. त्याच आठवड्यात निवड झालेल्या उमेदवारांना पत्रं जायची होती. त्यातली कितीतरी परत आली. ज्यांना पत्र पोचलं नाही त्यांची यादी काढून आम्ही तिघांनी दोन दिवस एकेकाला फोन केले. एका मुलीला आम्ही फोन केला तेव्हा तिनं आपली निवड झाली नाही असं समजून दुसरीकडे होकार देऊन टाकला होता. स्पॅम ही निव्वळ तांत्रिक कटकट आहे असं कुणी म्हटलं की मला तो फोन आठवतो.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी रांग थांबवायची. पोस्टफिक्समध्ये रांगेतले मेल ‘होल्ड’वर टाकता येतात. ते जात नाहीत आणि पुसलेही जात नाहीत. घाईनं रांग पुसू नका, कारण तिच्यात इतरांचे खरे मेलही अडकलेले असतात आणि तुमचा पुरावाही तिथंच असतो. दोन-तीन मेल उघडून हेडर, म्हणजे मजकुराच्या वर असलेल्या प्रवासाच्या नोंदी, वाचा. मग खातं बंद करा, पासवर्ड बदला आणि चालू जोडण्याही तोडा. एसएमटीपीची (मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीची) एखादी जोडणी आधीच ओळख पटवून उघडी असेल तर पासवर्ड बदलल्यानं ती तुटत नाही. डवकॉटमध्ये पासवर्डच्या पडताळणीची कॅशे (तात्पुरती साठवण) चालू ठेवली असेल तर जुना पासवर्डही तिची मुदत संपेपर्यंत चालतो, आणि ही मुदत मुळात एक तासाची असते. म्हणून कॅशेही रिकामी करायची. यानंतर त्या एका खात्याचे मेल वेचून रांगेतून काढा. रिकाम्या प्रेषकाचे मेल विसरू नका. ते पोचू न शकलेल्या स्पॅमचे बाउन्स, म्हणजे ‘पोचला नाही’ असे परतीचे निरोप, असतात.

खातं मालकाला परत देण्याआधी वेबमेलची सेटिंग उघडून बघा. चोर तिथं तीन गोष्टी करून जातो. ‘ओळख’ या भागात उत्तराचा पत्ता स्वतःचा घालतो, सहीच्या जागी आपली जाहिरात ठेवतो, आणि एखादा फिल्टर लावून बाउन्स थेट कचऱ्यात टाकतो, म्हणजे मालकाला संशय येत नाही. कधी आलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर वळवणारा नियमही सापडतो. असा नियम राहिला तर नवीन पासवर्डचा काहीच उपयोग नाही. मालकाची पुढची सगळी पत्रं चोर वाचत राहतो.

आता १२७.०.०.१. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे. वेबमेल आणि मेल-सर्व्हर एकाच मशीनवर असले की मेल-सर्व्हर वेबमेलला घरचं माणूस समजतो. ‘माझ्याच मशीनवरून आलेलं’ म्हणून काही न विचारता पुढे धाडतो. या भाबडेपणाला इतिहास आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ हा एसएमटीपीचे नियम ठरवणारा दस्तऐवज आला तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच त्यात नव्हती. वापरकर्त्यांनी मेल सोपवण्यासाठी ५८७ क्रमांकाचं वेगळं पोर्ट (सर्व्हरचं दार) डिसेंबर १९९८ मध्ये ठरलं आणि नाव-पासवर्ड विचारण्याची पद्धत मार्च १९९९ मध्ये. तुमच्या मशीनच्या आत मात्र अजून १९८२ चालू आहे.

हे बदलता येतं. वेबमेलला सांगा की मेल ५८७ वरून द्यायचा आणि प्रत्येक वेळी लॉगिन केलेल्या माणसाचंच नाव आणि त्याचाच पासवर्ड पुढे करायचा. राउंडक्यूबमध्ये ही सोय आहे. पोस्टफिक्समध्ये ५८७ वर ‘विश्वासू जाळं’ ही सवलत ठेवू नका, ओळख पटली तरच घ्यायचं. मग लॉगच्या प्रत्येक ओळीत खात्याचं नाव येऊ लागेल आणि तुमचा दुसरा प्रश्न उरणार नाही. त्याबरोबरच लॉगिनचं नाव आणि ‘प्रेषक’ पत्ता यांचा मेळ तपासणारा नियम लावा. एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या नावानं पाठवणं त्यानं थांबतं. फक्त हा नियम परवानगीच्या ओळीच्या वर लिहा. पोस्टफिक्स यादी वरून खाली वाचतो आणि जिथं पहिला निर्णय लागतो तिथं थांबतो. परवानगी आधी मिळाली की खालचा नियम नुसता शोभेला राहतो. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक सर्व्हरवर हा नियम होता आणि चुकीच्या जागी होता.

प्रश्न : एका माणसानं तासाला किती मेल पाठवावेत याची मर्यादा घालावी का? आमचे वरिष्ठ म्हणतात, कामात अडथळा येईल.

उत्तर : घालाच. वेबमेलच्या सुरक्षेत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. पासवर्ड कधी ना कधी जाणार. सहाशे माणसांत एखादा कधीतरी फसतोच, त्यात त्याचा दोष नाही. प्रश्न एवढाच की तो गेल्यावर चोराला किती मेल पाठवता येतील, शंभर की चाळीस हजार. शंभर गेले तर सकाळी तुम्ही एक फोन करता. चाळीस हजार गेले तर सगळ्या संस्थेचं पत्र पोचणं बंद होतं.

वरिष्ठांशी वाद घालण्याआधी दोन आठवड्यांचा लॉग काढा आणि प्रत्येक खात्यानं एका तासात जास्तीत जास्त किती जणांना मेल पाठवला हे मोजा. मी हे जिथं जिथं केलं तिथं बहुतेक माणसं तासाला दहाच्याही पुढे जात नव्हती. पन्नासच्या वर जाणारी चार-पाच खाती निघत आणि त्यांचं कारण विचारलं की सरळ कळत असे : परिपत्रकं पाठवणारा विभाग, निकाल कळवणारा विभाग. त्यांची मर्यादा वेगळी ठेवायची, किंवा त्याहून बरं म्हणजे त्यांना मेलिंग-लिस्टची व्यवस्था करून द्यायची. साध्या खात्याला मी तासाला शंभर आणि दिवसाला पाचशे प्राप्तकर्ते ठेवते. वरिष्ठांना आकडे दाखवले की ‘अडथळा’ हा शब्द पुन्हा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मोजायचे ते प्राप्तकर्ते, मेल नव्हेत. चोर एका मेलला गुप्त प्रतीत शंभर-दोनशे पत्ते जोडतो. नुसते मेल मोजले तर तो पन्नास मेलांत दहा हजार लोकांपर्यंत पोचतो. पोस्टफिक्समधली तयार मर्यादा इथं कामाची नाही, कारण ती आयपीवर मोजते. वेबमेलमधून जाणाऱ्या सगळ्यांचा आयपी एकच असतो. ती मर्यादा कडक केलीत तर सगळी संस्था एकदम अडेल, सैल ठेवलीत तर चोर सुटेल. म्हणून पोस्टफिक्सला प्रत्येक वेळी विचारायला लावणारी ‘पॉलिसी’ सेवा जोडायची आणि तिच्याकडून लॉगिनच्या नावावर हिशेब ठेवायचा. एका मेलमधले सगळे प्राप्तकर्ते एका आकड्यात हवे असतील तर ही विचारणा ‘डेटा’च्या टप्प्यावर, म्हणजे सगळे पत्ते सांगून झाल्यावर मजकूर सुरू होताना, ठेवा. त्याआधी पोस्टफिक्सकडे तो आकडा तयार नसतो.

मर्यादा ओलांडल्यावर काय करायचं, यावर मी आग्रही आहे. मेल नाकारू नका, होल्डवर ठेवा आणि तुम्हाला स्वतःला निरोप येऊ द्या. खरा माणूस असेल तर पाच मिनिटांत सोडता येतो आणि त्याचं पत्र वाया जात नाही. चोर असेल तर त्याला काही कळत नाही, तो पाठवत राहतो आणि सगळं तुमच्या हाती साठत जातं.

आणखी एक खूण मी नेहमी बघते. चोरांच्या याद्या शिळ्या असतात. त्यातले कितीतरी पत्ते कधीच बंद झालेले. म्हणून चोरलेल्या खात्यातून मेल सुटले की ‘असा वापरकर्ता नाही’ ही उत्तरं एकदम वाढतात. रोजच्या कामात एका खात्याला दिवसात अशी दोन-तीन उत्तरं येतात. दहा मिनिटांत वीस आली तर मी ते खातं थांबवून मग चौकशी करते. मजकूर तपासणारी गाळणी, म्हणजे आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन, जाणाऱ्या मेललाही लावता येते आणि लावावी. पण चोर मजकूर बदलू शकतो. शिळी यादी एका रात्रीत ताजी करणं त्याला जमत नाही.

प्रश्न : वेबमेलच्या लॉगिनला कॅप्चा (माणूस की यंत्र हे तपासणारं कोडं) लावला आणि फेलटूबॅनही (वारंवार लॉगिन चुकवणाऱ्या आयपीला बंदी घालणारा प्रोग्राम) बसवलं. परवा सकाळी सगळ्यांचंच वेबमेल अर्धा तास बंद पडलं. हल्ला झाला होता का?

उत्तर : बहुधा तुमच्या फेलटूबॅननं तुमच्याच वेबमेलला बंदी घातली. वेबमेल प्रत्येक माणसाच्या वतीनं डवकॉटकडे जातो, त्यामुळे डवकॉटच्या लॉगमध्ये सगळी चुकलेली लॉगिनं वेबमेलच्या एकाच आयपीवर जमा होतात. सोमवारी सकाळी चार जणांनी पासवर्ड चुकवला की फेलटूबॅनला वाटतं एकच माणूस दार ठोठावतोय. वेबमेलचा आयपी वगळा आणि फेलटूबॅनला वेबमेलचा स्वतःचा लॉग वाचायला द्या. पाहुण्याचा खरा आयपी तिथं असतो. वेबमेलच्या पुढे प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल तर खरा आयपी प्रॉक्सीनं जोडलेल्या हेडरमध्ये येतो, पण ते हेडर फक्त तुमच्याच प्रॉक्सीकडून आलं असेल तर मानायचं. नाहीतर कुणीही हवा तो आयपी लिहून पाठवेल आणि तुमच्या हातून भलत्याला बंदी घालवेल.

आता मोठी गोष्ट. पासवर्ड अंदाजानं शोधणारे हल्ली एका आयपीवरून शंभर प्रयत्न करत नाहीत. शंभर आयपींवरून एकेक करतात, तोही तासातासानं. आयपीवर मोजणाऱ्या कोणत्याही साधनाला हे दिसत नाही. एका खात्यावर दिवसभरात किती वेगवेगळ्या ठिकाणांहून प्रयत्न चुकले, हे मोजलं तर दिसतं. मात्र अशा खात्याला आपोआप कुलूप लावू नका. तसं केलं तर कुणाचंही खातं बाहेरून बंद पाडणं सोपं होऊन बसतं. निरोप येऊ द्या, तो पुरे.

आणि बहुतेक पासवर्ड अंदाजानं जातच नाहीत. एक तर खोट्या लॉगिन पानावर माणूस स्वतः टाइप करतो, नाहीतर दुसऱ्या कुठल्या साइटवर तोच पासवर्ड ठेवलेला असतो आणि ती साइट फुटते. या दोन्ही वाटांवर कॅप्चा आडवा येत नाही. दुसऱ्या वाटेवर एक चांगला उपाय आहे. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेकडे फुटलेल्या पासवर्डांची मोठी यादी आहे. नवा पासवर्ड ठेवताना त्याच्या हॅशची (पासवर्डपासून गणितानं काढलेल्या ठशाची) फक्त पहिली पाच अक्षरं तिकडे पाठवायची, जुळणाऱ्या सगळ्या हॅशचा उरलेला भाग परत येतो आणि मेळ आपल्याच मशीनवर घालायचा. पासवर्ड बाहेर जात नाही. फुटलेला निघाला तर दुसरा मागायचा. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणं मात्र सोडा. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेतच ही सक्ती नको असं म्हटलं आहे. सक्ती झाली की माणसं शेवटचा आकडा एकानं वाढवतात.

दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागणं) चांगलीच. पण वेबमेलला दुहेरी पडताळणी लावली आणि आयमॅप (मेल वाचण्याची वाट) व एसएमटीपी नुसत्या पासवर्डवर उघडे ठेवले, तर चोर वेबमेलच्या पानाकडे फिरकतसुद्धा नाही. त्याचा प्रोग्राम थेट ५८७ वर जातो. या दोन वाटांसाठी प्रत्येकाला वेगळा, लांबलचक, यंत्रानं बनवलेला ॲप-पासवर्ड द्या आणि मूळ पासवर्ड तिथं चालू देऊ नका. तरच त्या पडताळणीला अर्थ आहे.

प्रश्न : आमच्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही नीट बसवलेले आहेत. मग आम्ही सुरक्षित ना?

उत्तर : या धोक्यापासून नाही. बाहेरच्या कुणी तुमच्या डोमेनचं नाव लावून मेल पाठवला तर हे तिघं त्याला उघडं पाडतात. चोरलेल्या खात्यातून गेलेला स्पॅम तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच डीकेआयएम सहीनं जातो आणि तिन्ही तपासण्यांत पास होतो. म्हणजे तुमचं नाव त्या स्पॅमवर खात्रीशीर शिक्का मारतं. म्हणूनच जाणाऱ्या मेलवर लक्ष जास्त हवं.

तिन्ही ठेवा हे मात्र नक्की. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांकडून ती मागतात. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या पुढे गेलेला पाठवणारा मोठा. स्पॅम म्हणून तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असंही त्यांचं सांगणं आहे. एका चोरलेल्या खात्याची एक रात्र हे प्रमाण कुठल्या कुठे नेते. एसपीएफच्या नोंदीत डीएनएसला (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला) दहापेक्षा जास्त विचारणा झाल्या तर नोंद चूक धरली जाते. नवनव्या सेवा जोडत गेलं की हा आकडा गुपचूप ओलांडला जातो, एकदा मोजून घ्या.

प्रश्न : आमचं स्क्विरलमेल हे वेबमेल वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू आहे. लोकांना सवय झाली आहे. बदलायची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि या महिन्यातच. स्क्विरलमेलची १.४.२२ ही शेवटची स्थिर आवृत्ती २०११ सालची. ती चालवायला पीएचपी या भाषेची जुनी आवृत्ती लागते आणि मग तिच्या सुरक्षेतल्या उघड्या फटी तशाच ठेवाव्या लागतात.

राउंडक्यूब वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली एक फट प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असल्याचं ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केलं. मेल नुसता उघडून पाहिला की काम होत होतं, कशावर क्लिक करावं लागत नव्हतं. जून २०२५ मध्ये १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्या आल्या त्या आणखी गंभीर फट बुजवायला. लॉगिन करू शकणारा कोणीही त्या फटीतून सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. ‘लॉगिन लागतं’ हे ऐकून काहींना हायसं वाटलं होतं. वर पहिल्या पत्रात एक लॉगिन गेलेलंच आहे. अशा सर्व्हरवर एका माणसाचा पासवर्ड म्हणजे सगळ्यांच्या पत्रांची किल्ली.

प्रश्न : खाती सगळी नीट आहेत, लॉगिनंही संशयास्पद नाहीत, तरी आमच्या सर्व्हरवरून जाहिराती जात आहेत.

उत्तर : संकेतस्थळावरचा ‘संपर्क’ फॉर्म बघा. ‘या संदेशाची प्रत मला पाठवा’ अशी चौकट असेल तर चोर ‘तुमचा ईमेल’ या जागी सावजाचा पत्ता आणि संदेशाच्या जागी जाहिरात भरतो. प्रत तुमच्या नावानं जाते. ती चौकट काढून टाका. फॉर्मचे पत्ते आणि विषय हेडरमध्ये जाण्याआधी त्यातली नवी ओळ हे चिन्ह नाकारा. नाहीतर त्या एका चिन्हानं चोर स्वतःची ‘गुप्त प्रत’ ओळ आत घुसवतो. आणि फॉर्मलाही वेगळं खातं, वेगळी मर्यादा.

प्रश्न : आमचा आयपी काळ्या यादीत गेला. यादीतून काढण्यासाठी अर्ज केला, निघाला, दोन दिवसांत पुन्हा गेला. आयपी बदलावा का?

उत्तर : नको. कारण शिल्लक आहे, म्हणून परत गेलात. नवा आयपीही त्याच वाटेनं जाईल, वर त्याला मागचा काही लौकिक नसल्यानं मोठे सर्व्हर त्याच्याकडे आधीच संशयानं बघतील. रांग, फिल्टर, फॉर्म, सगळं पुन्हा तपासा, चोवीस तास जाणारे मेल शांत आहेत याची खात्री करा आणि मग अर्ज. अर्जात काय घडलं, केव्हा थांबवलं आणि काय बदललं हे तीन वाक्यांत लिहा. यादी चालवणारी माणसं असतात, ती वाचतात.

‘अब्यूज’ आणि ‘पोस्टमास्टर’ हे दोन पत्ते तुमच्या डोमेनवर चालू आहेत ना, तेही बघा. १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये ते ठरवून दिले आहेत. बाहेरचा कुणी पहिली तक्रार तिथंच करतो. मला एका घटनेची खबर लॉगच्या आधी एका अनोळखी प्रशासकाच्या दोन ओळींच्या मेलमधून मिळाली होती, आमच्या मर्यादा तेव्हा अजून बसवायच्या होत्या. ते पत्ते कुणी उघडतच नसेल तर असा भला माणूस आपल्याला कळवणार कसा?

प्रश्न : मी प्रशासक नाही, कार्यालयात काम करते. ‘तुमची मेलपेटी भरली आहे, येथे लॉगिन करा’ असा मेल आला आणि मी पासवर्ड टाकला. पान आमच्या वेबमेलसारखंच होतं. नंतर माझ्या नावानं सगळीकडे घाण मेल गेले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आता मेल उघडायचीच भीती वाटते. मी काय करायला हवं होतं?

उत्तर : ताई, तुमचं हे शेवटचं पत्र मी सगळ्यात आधी घेतलं असतं तर बरं, असं मला वाटत राहिलं, कारण या अंकातलं बाकी सगळं तुमच्यासाठीच आहे. पान हुबेहूब असतं, कारण ते तुमच्याच वेबमेलच्या पानाची नक्कल असतं. कामाच्या गर्दीत ते ओळखू न येणं ही चूक नाही. तुमच्या एका पासवर्डवर हजारो मेल जाऊ शकले, ही व्यवस्था बांधणाऱ्याची चूक आहे, आणि ती दुरुस्त करणं त्याच्या हातात होतं.

आता करायचं ते असं. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तो आज बदला, बँकेचा असेल तर आधी तो. वेबमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ओळख’, सही, फिल्टर आणि मेल पुढे वळवण्याचा नियम हे चार भाग प्रशासकाला शेजारी बसवून बघा. अनोळखी पत्ता दिसला तर तो काढण्याआधी त्याचं चित्र घेऊन ठेवा. ‘पाठवलेले’ मध्ये काही नसलं तरी घाबरू नका, चोर ते पुसून जातो. यापुढे लॉगिन करायचं ते नेहमी स्वतः ठेवलेल्या बुकमार्कवरून, मेलमधल्या दुव्यावरून कधीच नाही. पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्राम वापरत असाल तर त्यानं एखाद्या पानावर पासवर्ड आपोआप भरला नाही की थांबा. नक्कल डोळ्यांना फसवते, त्या प्रोग्रामला नाही, कारण तो पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतो.

तुमच्या साहेबांसाठीही दोन शब्द, त्यांना हे पान दाखवा. एका ठिकाणी आमच्या सहकाऱ्यानं असंच पासवर्ड दिल्याचं दहा मिनिटांत येऊन सांगितलं, कारण आधी कुणालाही बोलणी बसलेली नव्हती. तोवर तेरा मेल गेले होते. आम्ही रांग थांबवली, खातं बंद केलं आणि त्या तेरा जणांना त्याच संध्याकाळी कळवलं. त्या सहकाऱ्याला आम्ही चहाच्या सुट्टीत बसवून तो खोटा मेल सगळ्यांना दाखवायला सांगितला, आणि त्यानं तो आनंदानं दाखवला. पुढच्या आठवड्यात तसाच मेल आणखी चौघांना आला. चौघांनीही तो न उघडता आमच्याकडे पाठवून दिला.